शालेय ग्रंथपाल : राखणदार की वाटाड्या?

१

१९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, भारतातील शालेय ग्रंथालयांचे जे चित्र रेखाटले ते उत्साहवर्धक नव्हते. जुनी व मुलांच्या आवडीनिवडींशी संबंध नसलेली पुस्तके, ती ठेवण्यास अपुरी व अनाकर्षक खोली आणि देखरेखीस एखादा कारकून किंवा हे काम अर्धवेळ सांभाळणारा उदासीन शिक्षक, असे बहुसंख्य शाळांतून आयोगास आढळले. यांपैकी पहिल्या दोन उणिवा पैशाने दूर करता येतात. तिसरी केवळ पैशाने दूर होत नाही. म्हणूनच उत्तम शालेय ग्रंथपालाच्या ठायी कोणते गुण असावेत, हा प्रश्न नेमणुकीपुरता मर्यादित राहत नाही. तो शिक्षणाचाच प्रश्न ठरतो.

२

या प्रश्नाच्या विचारास शि. रा. रंगनाथन (१८९२-१९७२) यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे उपयोगी पडतात. ग्रंथांचा उपयोग, वाचकाला त्याचा ग्रंथ, ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाच्या वेळेची बचत आणि ग्रंथालयाची वाढ, असा त्यांचा क्रम आहे. ही सूत्रे सामान्यतः ग्रंथालयाविषयीची म्हणून शिकविली जातात. वस्तुतः प्रत्येक सूत्र ग्रंथपालाकडून एकेका गुणाची अपेक्षा करते.

३

पहिल्या सूत्राची अपेक्षा निर्भयतेची आहे. पुस्तक मुलाच्या हाती गेले की ते मळणार, फाटणार, क्वचित हरवणारही. हरवलेल्या प्रतीची किंमत आपल्याच वेतनातून जाईल, अशी धास्ती ज्याच्या मनात आहे तो कपाटाला कुलूप लावतो. त्याची नोंदवही निर्दोष राहते. वाचक मात्र घडत नाही. या संदर्भात केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील २१५ वा नियम लक्षणीय आहे. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या अथवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे वा हलगर्जीमुळे झालेली नसल्यास, वाजवी मानता येते. दुर्मीळ आणि हजार रुपयांहून अधिक किमतीच्या ग्रंथांची चौकशी मात्र अनिवार्य आहे. हा नियम देशातील प्रत्येक शाळेस लागू नसला, तरी त्यामागील तत्त्व सर्वांनी स्वीकारण्याजोगे आहे. उपयोगाबरोबर थोडी झीज येणारच. येथे मुख्याध्यापकाचेही दायित्व येते. ज्याला वर संरक्षण नाही त्याच्याकडून निर्भयतेची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे.

४

दुसरे व तिसरे सूत्र मिळून दुहेरी ज्ञान मागतात, मुलाचे आणि पुस्तकाचे. समजा, एका मुलाने फास्टर फेणेची सर्व पुस्तके संपविली आणि तो पुढचे पुस्तक मागू लागला. लेखकाच्या नावाची तालिका भा. रा. भागवतांची इतर पुस्तके दाखवील. पण मुलाला हवे आहे ते साहस, हे तालिकेला ठाऊक नसते. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत, आणि हा मुलगा आता त्या वाचण्याइतका तयार झाला आहे, हे ज्याने दोन्ही पुस्तके वाचली आणि मुलालाही न्याहाळले त्यालाच कळते. स्वतः न वाचणारा ग्रंथपाल ही जोड घालू शकत नाही.

मराठी प्रदेशाबाहेरील शाळांत या गुणाची कसोटी अधिक कठोर होते. एकाच वर्गात चार-पाच मातृभाषांची मुले असतात. घरची भाषा शाळेच्या फळीवर दिसली नाही, तर ग्रंथ म्हणजे परक्या भाषेतील वस्तू, अशी मुलाची समजूत होते. ग्रंथपालाला या साऱ्या भाषा येणे शक्य नाही. पण कोणते मूल घरी कोणती भाषा बोलते याची चौकशी करून त्या भाषेतील चार पुस्तके मिळविणे त्याला निश्चित शक्य आहे.

५

चौथे सूत्र तत्परता मागते. वेळापत्रकातील एका तासिकेत साऱ्या वर्गाची देवघेव उरकावयाची असते. तीत नोंदीच लांबल्या तर वाचनास काय उरणार? पाचवे सूत्र विवेक मागते. नवे ग्रंथ घेणे जितके आवश्यक, तितकेच कालबाह्य नकाशे व जीर्ण प्रती रीतसर काढून टाकणेही आवश्यक असते.

६

हे गुण उपजतच असावे लागतात काय? खुद्द रंगनाथनांचे चरित्र याचे उत्तर देते. ते मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर तेथील एकांत त्यांना असह्य झाला आणि त्यांनी महाविद्यालयात परत जाऊ देण्याची विनंती केली. त्यांना आधी इंग्लंडमध्ये या विषयाचे शिक्षण घेण्यास सांगण्यात आले. तेथील ग्रंथालयांतून सर्व थरांतील वाचकांची ये-जा पाहिल्यावर त्यांची दृष्टी पालटली, आणि परतल्यावर अध्यापनाकडे वळण्याचा विचार मागे पडला.

तात्पर्य, ग्रंथपाल घडविता येतो. मात्र त्यासाठी प्रशिक्षण, पूर्णवेळ पद आणि विश्वास या तिन्ही गोष्टी शाळेने दिल्या पाहिजेत. त्या न देता उत्तम ग्रंथपालाची वाट पाहणे म्हणजे बंद कपाटापुढे बसून वाचकाची वाट पाहणे होय.