लागट सुपारी

शिलाँगला निघताना बॅगेत भडंगाचे दोन पुडे टाकले होते. सांगलीचा माणूस परमुलखात उपाशी राहू नये म्हणून. शिवाय जुलाबाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं. प्रयोगशाळांतली यंत्रं बसवायच्या कामापायी मी बारा गावचं पाणी प्यायलोय आणि त्यातल्या दोन-तीन गावांनी मला चांगलं आडवंही केलंय. तयारी चोख होती. पण जिनं मला पाडलं, ती माझ्या यादीतच नव्हती.

पहिल्या संध्याकाळी इउदुहला, म्हणजे तिथल्या मोठ्या बाजारात गेलो. जादोह खाल्ला. खासी भाषेत जा म्हणजे भात, दोह म्हणजे मांस. डुकराच्या मटणाबरोबर शिजवलेला भात. सोबत दोहनेइओंग, काळ्या तिळाच्या वाटणातलं मटण. काळाकुट्ट रंग पाहून मला घरचं कारळ्याचं कूट आठवलं आणि हात आपोआप पुढे गेला. तुंगरिंबाई म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा प्रकार. त्याच्या वासाला जरा दबकलो, म्हणून अर्धाच चमचा घेतला. सुक्या मासळीची चटणी, तुंगताप, ही तर सुकटीची मावसबहीणच. रात्री शांत झोप लागली. पोटानं तक्रार केली नाही, त्यामुळे स्वतःवर जरा जास्तच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहानंतर प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाईंनी क्वाय पुढे केलं. त्यांना सगळे काँग म्हणतात, आपल्याकडच्या ताईसारखं. चुना लावलेलं पान आणि सुपारीची फोड. तिथे घरी आलेल्याला आधी क्वाय देतात. पूर्वी वाटेतलं अंतरसुद्धा किती क्वाय चघळून होतील यावर सांगत, आणि गेलेल्या माणसाबद्दल ‘देवाच्या दारी क्वाय खातोय’ असं म्हणतात. अशा गोष्टीला नाही कसं म्हणायचं? शिवाय मी जेवणानंतर पान खाणारा. सुपारीच तर आहे, असं म्हणून अख्खी फोड तोंडात टाकली.

मिनिटभरात कान तापले. जानेवारीच्या थंडीत पाठीवरून घामाची धार लागली. घसा आवळल्यासारखा झाला, छाती धडधडायला लागली आणि यंत्राचं उघडं पॅनेल डोळ्यांपुढे हलायला लागलं. हातात स्क्रूड्रायव्हर. मेन स्विच बंद होता, हे नशीब. काँगनं पटकन थुंकायला लावलं, पाणी दिलं, चिमूटभर साखर तोंडात घातली आणि खिडकीशी बसवलं. पंधरा-वीस मिनिटांत उतरलं. तोवर पलीकडच्या दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

आपली सुपारी वाळवलेली, कधी भाजलेली. त्यांची कच्ची, ओली. सुपारीतलं अॅरेकोलिन नावाचं द्रव्य मज्जातंतूंवर काम करतं. सवयीच्या माणसाला त्यानं ऊब येते, नवख्याला भोवळ. आणि यासाठी मला खासी शब्द शोधायची गरजच नव्हती. ‘सुपारी लागली’ हे आजीच्या तोंडचं. खांड चावताच कळायचं तिला. लागट निघाली की ती थुंकून टाकायची आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढायची. घरातलाच शब्द, पण शिलाँगच्या खिडकीशी बसेपर्यंत आठवला नाही.

तेव्हापासून मी ओळखीच्या वाटणाऱ्या पदार्थालाच जास्त भितो. अनोळखी वासापुढे माणूस आपणहून अर्धा चमचा घेतो; ओळखीचं दिसलं की मूठभर. सिक्कीममधली डल्ले मिरची दिसते लालचुटुक बोरासारखी, तिथेही हेच होतं. ‘तिखट आहे का’ हा प्रश्न मी सोडून दिलाय, कारण रोज खाणारा ‘नाही’च म्हणतो. ‘पहिल्यांदा खाणाऱ्याला काय होतं?’ असं विचारा. मग लोक खुलून सांगतात, आधीच्या फजित पावलेल्या पाहुण्यांसकट.

नवं काही खायचं तर काम आटोपल्यावर, संध्याकाळी. यंत्र उघडं असताना नाही, आणि पुढे गुवाहाटीचा शंभर किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता स्वतः चालवायचा असेल तर मुळीच नाही. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही; मासे, सुकी मासळी, चरबी असं एकेक नाव घेऊन सांगा. चटणीतली मासळी पुष्कळांच्या हिशेबात मांसाहार नसतेच.

आणि हृदयाचा त्रास असलेल्यानं क्वायच्या वाटेला जाऊच नये. छातीत दुखू लागलं किंवा अर्ध्या तासात उतरलं नाही, तर सुपारीवर खापर फोडत बसू नका, दवाखाना गाठा. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2003 मध्ये जाहीर केलंय. तेव्हा रोजची सवय लावून घेण्यासारखं त्यात काही नाही. माझंही जेवणानंतरचं पान त्यानंतर बिनसुपारीचं झालं.

ज्यांना नाही म्हणणं जमत नाही, त्यांच्यासाठी एक तोडगा: दोन्ही हातांनी घ्यायचं, ‘खुबलेइ’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं आणि नंतर खातो सांगून खिशात ठेवायचं. निघायच्या दिवशी मी तेच केलं. काँगनं या वेळी सुपारी नखाएवढीच कापली होती, वर पुन्हा हसली. घरी आल्यावर खिसा रिकामा करायला विसरलो. त्या शर्टाच्या खिशावरचा चुन्याचा डाग अजून निघालेला नाही.