२५५ अक्षरांचे नाव

कोल्हापूर शहराच्या पूर्वेच्या अंगास, पुणे-बंगळूर महामार्गालगत उचगाव वसले आहे. शेजारीच गांधीनगरची कापडपेठ आहे. फाळणीनंतर सिंधी बांधवांनी ही पेठ नावारूपास आणली, आणि आज दूरदूरचे दुकानदार तेथे घाऊक कापड खरेदीस येतात. विकलेले कापड गाठींत बांधून मालमोटारींनी रवाना होते. पण गाठ उचलून मोटारीत टाकली की काम संपले, असे नसते. गाठीवर घेणाऱ्याचे नाव व गाव लिहावे लागते, बिल्टी करावी लागते, किती गाठी चढल्या आणि किती उतरल्या हे मोजावे लागते. पाच गाठी पाठवल्या आणि चारच पोचल्या, तर पाचवीचा शोध त्या बिल्टीवरूनच घ्यावयाचा असतो.

संगणकावरील माहितीची ने-आणही अशाच शिस्तीने चालते. उचगावातील एखादी मुलगी घरी बसून फोनवर आपल्या निकालाचा कागद मागवते, तेव्हा तो कोठल्या तरी दूरच्या संगणकावरून लहान लहान तुकड्यांनी प्रवास करीत तिच्यापर्यंत येतो. अशा कागदास, चित्रास किंवा गाण्यास संगणकाच्या भाषेत फाईल म्हणतात. फाईल देता-घेताना दोन संगणकांनी एकमेकांशी कोणत्या क्रमाने बोलावे, याचे नियम आरंभी ज्यांनी लिहून काढले, त्यांत एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. अभय भूषण हे अलाहाबादचे, म्हणजे आजच्या प्रयागराजचे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकून ते अमेरिकेस गेले, आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी फाईल पाठवण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. हे नियम पुढे एफ. टी. पी. या नावाने जगभर प्रसिद्धीस आले.

नियम झाले, पण त्यांप्रमाणे प्रत्यक्ष हमाली कोणी करावयाची? त्यासाठी संगणकाला पायरीपायरीने आज्ञा लिहून द्याव्या लागतात. या आज्ञांच्या संग्रहास आज्ञावली म्हणतात. १९९६ मध्ये ब्राझील देशातील राफाएल सागुला यांनी दूरच्या संगणकावरून पाने आणणारी एक छोटी आज्ञावली लिहिली होती. स्वीडन देशातील डॅनियल स्टेनबर्ग यांना त्याच सुमारास निरनिराळ्या देशांच्या चलनांचे भाव रोजच्या रोज आपोआप आणून हवे होते. त्यांनी ती आज्ञावली घेतली, तीत भर घातली, आणि २० मार्च १९९८ रोजी ती ‘कर्ल’ या नावाने लोकांपुढे ठेवली. त्या वेळी तिच्यात सुमारे २,२०० ओळी होत्या. २००० मध्ये तिच्यापासून एक ‘लायब्ररी’ तयार झाली. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. बैलगाडी बांधणाऱ्या सुताराला चाके तयार मिळाली, तर त्याने ती पुन्हा कशासाठी घडवावी? तशी ही तयार चाके होत. फोन, मोटारी, दूरदर्शन संच यांच्या आज्ञावली लिहिणारे लोक फाईल आणण्याचे काम स्वतः न लिहिता या लायब्ररीवर सोपवतात. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरच्या कामी ज्या आज्ञावलींचा उपयोग झाला, त्यांतही कर्ल होती.

कर्लचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती मुक्तस्रोत आहे. तिच्या सर्व ओळी कोणालाही वाचता येतात, वापरता येतात आणि चूक दिसल्यास दुरुस्ती सुचवता येते. सुचवलेली दुरुस्ती तपासून पाहिल्यावर, ती योग्य असेल तरच मूळ आज्ञावलीत घेतली जाते. अशा रीतीने देशोदेशींच्या अनेकांचा हात तिला लागला आहे, आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही.

परंतु इतके हात लागले म्हणजे चुकाही होणारच. एका ठिकाणी टाका घालावा आणि दुसऱ्या ठिकाणी वीण उसवावी, असे आज्ञावलीत पुष्कळदा घडते. यासाठी चाचण्या लिहून ठेवतात. कर्लच्या चाचणीची रीत सोपी आहे. एका फाईलमध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: समोरच्या संगणकाने काय उत्तर द्यावयाचे, कर्लला कोणते काम सांगावयाचे, आणि कर्लने नेमके काय केले पाहिजे. मग एक लुटुपुटीचा संगणक उत्तरे देण्यास बसवतात आणि कर्लला कामाला लावतात. अपेक्षेप्रमाणे घडले तर चाचणी उत्तीर्ण, एका अक्षराचाही फरक पडला तरी अनुत्तीर्ण. अशा दीड हजारांहून अधिक चाचण्या आहेत. कोणी एक ओळ बदलण्याचे सुचवले, तरी निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर त्यांची फेरी पुन्हा होते.

त्यांतला एक प्रकार तर फारच कठोर आहे. काम करताना आज्ञावलीला संगणकाकडून वेळोवेळी स्मरणजागा मागून घ्यावी लागते. एखादे काम पुरे होईपर्यंत तिने ३० वेळा जागा मागितली, असे समजा. मग तेच काम पुन्हा ३० वेळा करवितात. पहिल्या फेरीत तिची पहिली मागणी मुद्दाम नाकारतात, दुसऱ्या फेरीत दुसरी, असे करीत तिसाव्या मागणीपर्यंत जातात. दर वेळी तिने गोंधळून न जाता, हाती घेतलेले सर्व नीट परत करून थांबले पाहिजे. या प्रकाराला तेथील लोक ‘छळाची चाचणी’ असेच म्हणतात, आणि ते नाव अगदी सार्थ आहे!

एवढा बंदोबस्त असूनही एक मोठा दोष आत शिरला. त्याची हकीकत अशी.

पुष्कळदा कर्लला समोरच्या संगणकाशी थेट न बोलता एका मध्यस्थाकरवी बोलावे लागते. ज्या संगणकाकडे जावयाचे त्याचे नाव कर्लने मध्यस्थाला सांगावयाचे, आणि पत्ता शोधून त्याने पुढे जावयाचे. या मध्यस्थाच्या नियमात नावाची लांबी एका लहान घरात लिहितात, आणि त्या घरात २५५ हून मोठी संख्या मावत नाही. म्हणून नाव २५५ अक्षरांहून लांब असेल, तर कर्लने पत्ता स्वतःच शोधावा, अशी तोड काढलेली होती.

२०२० च्या आरंभी स्टेनबर्ग यांनी या भागात एक सुधारणा हाती घेतली. तोवर मध्यस्थाच्या उत्तराची वाट पाहत सारे काम खोळंबून राही. नव्या व्यवस्थेत उत्तर येईपर्यंत दुसरीकडे जावयाचे आणि उत्तर येताच परत येऊन राहिलेले काम पुढे चालवावयाचे, असे ठरले. सुधारणा चांगलीच होती. मात्र तीत एक गोष्ट निसटली.

ट्रान्सपोर्टच्या कचेरीतील एक कारकून डोळ्यांपुढे आणा. बिल्टीवर नावाचा रकाना ठरावीक लांबीचा आहे. एक फार लांब नाव त्याच्याकडे येते. “हे बिल्टीवर लिहावयाचे नाही,” असे तो ठरवतो आणि तशी खूण समोरच्या पाटीवर खडूने करतो. इतक्यात त्याला दुसऱ्या कामासाठी उठावे लागते. तो उठला की पाटी पुसली जाते, अशी त्या कचेरीची रीत आहे. परत येऊन तो पाहतो, तर पाटी कोरी! मग तो ते लांबलचक नाव रकान्यात लिहू लागतो; रकाना संपतो, शेजारचा रकाना भरतो, आणि तेथे लिहिलेला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब अक्षरांखाली बुडून जातो. ती खूण वहीत केली असती, तर असे झाले नसते.

कर्लमध्ये नेमके हेच झाले. ‘नाव लांब आहे’ ही खूण अशा जागी ठेवली गेली की, काम सोडून परत येताच ती नाहीशी होई. मध्यस्थाने झटपट उत्तर दिले, तर उठण्याचा प्रसंगच येत नसे आणि सारे सुरळीत पार पडे. मध्यस्थ मंद आणि नाव फार लांब, असा योग जुळला की मात्र नावाची अक्षरे नेमून दिलेल्या जागेबाहेर सांडत. एखाद्या दुष्ट माणसाने मुद्दाम रचलेले लांब नाव पुढे केले, तर त्या सांडलेल्या अक्षरांकरवी दुसऱ्याच्या संगणकावर भलतेच काम करवून घेण्याचा धोका होता.

हा दोष १,३१५ दिवस लपून राहिला. आज्ञावलीच्या ओळी वाचून चुका दाखवणारी यंत्रसाधने त्या ओळींवरून अनेकदा फिरली, पण कोणासही संशय आला नाही. अखेर २०२३ मध्ये एका जाणत्याच्या तो नजरेस आला. त्याने गाजावाजा न करता तो कर्लच्या मंडळींना कळवला, कारण दुरुस्ती होण्यापूर्वी बोभाटा झाला असता, तर दुष्टांचेच फावले असते. मंडळींनी गंभीर दोष सापडल्याचे आठवडाभर आधी जाहीर केले, पण तो कोठे आहे हे सांगितले नाही. दुरुस्त केलेली ८.४.० ही आवृत्ती ११ ऑक्टोबर २०२३ रोजी बाहेर पडली.

दुरुस्ती करताना विचारांती असे दिसून आले की, लांब नाव आल्यास पत्ता स्वतः शोधण्याची जुनी तोडच मुळात योग्य नव्हती. मालकाने मध्यस्थाकडे जाण्यास सांगितले असता नोकराने परस्पर दुसरा मार्ग का धरावा? तेव्हापासून नाव २५५ अक्षरांहून लांब असल्यास कर्ल सरळ ‘नाव फार लांब आहे’ असे सांगते आणि थांबते.

त्याच दिवशी स्टेनबर्ग यांनी सगळी हकीकत स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. त्या ओळी लिहिणारा आपणच, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. त्या वेळी जगात कर्लच्या २० अब्जांहून अधिक प्रती वापरात असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. २०१७ मध्ये याच कामासाठी स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. अशा मनुष्यास ‘अनेकांच्या हातून झालेली चूक’ असे मोघम लिहून निसटता आले असते. त्यांनी तसे केले नाही. उलट, चाचण्या अधिक चांगल्या असत्या तर ही चूक आधीच पकडता आली असती, हेही त्यांनी लिहिले. लांब नावाची चाचणी करावी, हे चाचणी लिहिणाऱ्यास सुचते. मध्यस्थाला थोडे रेंगाळूही द्यावे, हे सुचणे कठीण असते.

दोष दुरुस्त झाला त्याच वेळी चाचण्यांच्या यादीत एक नवी फाईल दाखल झाली. तीत कर्लला मर्यादेहून लांब नाव देतात, मध्यस्थाकडे पाठवतात, आणि ती नकार देऊन परत येते की नाही हे पाहतात. आज जगाच्या पाठीवर कोठेही, कोणीही कर्लची एखादी ओळ बदलण्यास सुचवले की, इतर चाचण्यांबरोबर ते लांबलचक नावही पुन्हा एकदा मध्यस्थाच्या दाराशी जाऊन उभे राहते.

अभ्यास

१. कापडाच्या गाठींची रवानगी आणि फाईलची ने-आण यांत कोणते साम्य आहे?
२. पाटी व वही यांच्या दृष्टांतावरून कर्लमधील दोष आपल्या शब्दांत समजावून सांगा.
३. दोष सापडल्यावर तो लगेच सर्वांना का सांगितला नाही?
४. तुमच्या वर्गातील हजेरी मांडण्याच्या कामासाठी एक चाचणी लिहा. तिच्यात, सहसा घडत नाही अशी निदान एक गोष्ट असावी.