भाताचा पेंढा आणि मोगली एरंड : जैवइंधनाचा कच्चा माल

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून रेल्वेने आणले जाई. भिलाईच्या सभोवती छत्तीसगढचा भातपिकाचा मैदानी प्रदेश पसरला आहे. तेथे जैवइंधनाचा कच्चा माल विपुल आहे. मात्र तो खनिजाप्रमाणे एका ठिकाणी साठलेला नसून असंख्य शेतांत विखुरलेला आहे. जैवइंधनाच्या बहुतेक अडचणी या एका फरकातून उद्भवतात.

राज्यशासनाने २००५ साली जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन करून मोगली एरंडाच्या, म्हणजे तेथील रतनजोताच्या, लागवडीस चालना दिली. या झाडाच्या बियांत सुमारे एक तृतीयांश तेल असते आणि ते पडीक जमिनीतही जगते. परंतु झाड जगणे वेगळे आणि ते भरघोस फळणे वेगळे. पाण्यावाचून व खतावाचून उत्पन्न तुटपुंजे राहिले. पेंड विषारी असल्याने ती गुरांनाही घालता येईना. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीस गेलेल्या एका विमानाच्या इंधनात छत्तीसगढमधील याच बियांपासून केलेले इंधन मिसळलेले होते. तेलापासून उत्तम इंधन होते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुरेसे तेल कोठून आणावे, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

त्यामुळे लक्ष पिकांच्या अवशेषांकडे वळले. पेंढ्यातील सेल्युलोज ही मूलतः साखरेच्या रेणूंची लांब साखळी होय. पण लिग्निन नावाचे चिवट द्रव्य तिला वेढून असते. उष्णता व आम्ल यांच्या साहाय्याने हे वेष्टन सैल करावे लागते. मग विकरे साखळी तोडतात आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. २०२२ साली हरियाणात पानिपत येथे असा कारखाना उभा राहिला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल तयार करावे, अशी त्याची योजना आहे.

येथे ध्यानात ठेवावयाचे ते असे की, पेंढा सर्वत्र टाकाऊ नसतो. छत्तीसगढचा शेतकरी त्याला ‘पैरा’ म्हणतो, खळ्यावर रचून ठेवतो आणि बैलांना घालतो. भाताचे तूस गिरण्यांच्या बाष्पकांत जळते. शिवाय पेंढा वजनाला हलका व आकाराने मोठा असल्याने दूरवर वाहून नेणे महाग पडते. म्हणून कारखान्याची जागा ठरविण्यापूर्वी गुरांचा चारा वजा जाता किती पेंढा उरतो, याचा हिशेब गावोगाव झाला पाहिजे.