'मस्टँग': व्युत्पत्ती, अर्थांतर आणि मराठी अनुवादाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील माळरानांवर कळपाने हिंडणाऱ्या घोड्यांना इंग्रजीत 'मस्टँग' म्हणतात. या शब्दाचा मराठी अनुवाद करताना 'जंगली घोडा' किंवा 'रानघोडा' हे पर्याय सहज सुचतात आणि ते वरवर निर्दोषही वाटतात. मात्र शब्दाची व्युत्पत्ती तपासली असता त्याच्या मूळ अर्थात 'रान' कोठेच नाही, असे दिसून येते. तेथे आहे ती मालकीची, अधिक नेमकेपणाने सांगायचे तर मालकीच्या अभावाची, कल्पना. या अर्थाचा मागोवा घेणे आणि त्याच्या अनुवादासाठी मराठीत कोणती सामग्री उपलब्ध आहे हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. व्युत्पत्ती

'मस्टँग' हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मेक्सिकोतील स्पॅनिशमधून आला. त्याचे मूळ 'मेस्तेन्गो' अथवा 'मेस्तेन्यो' असे आहे. हे विशेषण 'मेस्ता' या नामापासून सिद्ध झाले असून 'मेस्ता'चा संबंध 'मिसळलेले' या अर्थाच्या लॅटिन 'मिक्स्टा'शी जोडला जातो. मेस्ता म्हणजे कॅस्टिलमधील मेंढपाळ आणि पशुपालक यांची संघटना. राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ मध्ये तिला राजमान्यता दिली. पुढे साडेपाचशेहून अधिक वर्षे टिकून ती १८३६ मध्ये संपुष्टात आली. चुकून दुसऱ्याच्या कळपात मिसळलेली जनावरे ओळख पटवून मूळ मालकाला परत करणे, हे पशुपालकांच्या सभांचे एक प्रमुख काम होते. ज्या जनावरावर कोणीच हक्क सांगत नसे, ते 'मेस्तेन्यो' ठरे.

याच अर्थाचा 'मोस्त्रेन्को' हा दुसरा स्पॅनिश शब्दही लक्षणीय आहे. 'दाखवणे' या अर्थाच्या 'मोस्त्रार' या क्रियापदाच्या प्रभावाने मूळ शब्दाचे हे रूप झाले, असे व्युत्पत्तिकार मानतात. कारण सापडलेले जनावर लोकांना दाखवून त्याची जाहीर वाच्यता करणे सापडणाऱ्यावर बंधनकारक असे. इंग्रजी रूपात 'मेस्तेन्गो' आणि 'मोस्त्रेन्को' या दोहोंचा संकर झाला असावा, असे काही कोशकारांचे मत आहे. मूळ कोणतेही धरले तरी अर्थाचा गाभा एकच राहतो: बेवारशी जनावर.

येथे 'ब्रॉन्को' या शब्दाशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. स्पॅनिश 'ब्रोन्को' म्हणजे खडबडीत, ओबडधोबड. त्यावरून न शिकवलेला, पाठीवर स्वार न घेणारा घोडा. म्हणजे 'ब्रॉन्को' हा शब्द घोड्याचे शिक्षण सांगतो, तर 'मस्टँग' त्याची मालकी. न माणसाळलेल्या घोड्याविषयीचे हे दोन वेगळे निकष आहेत आणि 'जंगली' या एका शब्दात ते दोन्ही पुसले जातात.

३. अर्थांतर

घोड्याच्या कुळाची उत्क्रांती उत्तर अमेरिकेतच झाली. तथापि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तेथून नाहीसा झाला. स्पॅनिशांनी त्याला पुन्हा नेले. १५१९ मध्ये कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे स्पॅनिश वसाहतींतून सुटलेल्या, सोडलेल्या आणि पळवलेल्या घोड्यांची संतती माळरानांवर पसरली. म्हणजे मस्टँग हा माणसाळलेल्या घोड्याचा वंशज; तो मुळात रानचा नव्हे, रानात गेलेला.

स्पेनच्या सत्तेने या घोड्यांना मेंढपाळांच्याच कायद्याचा शब्द लावला आणि त्याबरोबर हक्कही सांगितला. १७७८ मध्ये तेओदोरो दे क्रोइक्स याने टेक्ससमधील बेवारशी जनावरे राजाची मालमत्ता ठरवून ती पकडण्यावर कर बसवला. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हे घोडे बेवारशी होते ते कोणाच्या दफ्तरी? कोमांची आणि इतर मूलनिवासी जमाती त्याच प्रदेशात घोडे पकडत, शिकवत, पैदास करत आणि त्यांचा व्यापार करत. 'मेस्तेन्यो' या शब्दाने केवळ घोड्याचे वर्णन होत नव्हते. कोणाची मालकी ग्राह्य आणि कोणाची नाही, याचाही निर्णय होत होता.

इंग्रजीत आल्यावर शब्दाची व्युत्पत्ती बोलणाऱ्यांच्या स्मरणातून गेली आणि अर्थाचा उत्कर्ष झाला. 'बेवारशी'चे 'स्वच्छंद' झाले, 'स्वच्छंद'चे 'स्वतंत्र'. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाला आणि १९६४ मध्ये फोर्ड कंपनीने आणलेल्या मोटारीला हे नाव दिले गेले, तेव्हा त्यातून वेग आणि स्वातंत्र्य एवढेच सूचित होत होते.

४. कायद्यात टिकलेला मूळ अर्थ

लोकव्यवहारात लोपलेला अर्थ कायद्याच्या भाषेत मात्र टिकून राहिला. अमेरिकेच्या १९७१ च्या कायद्याने सार्वजनिक जमिनींवरील अशा घोड्यांना व गाढवांना संरक्षण दिले. कायद्याच्या नावात 'वन्य' हे विशेषण आहे. व्याख्येत मात्र निकष सांगितला आहे तो डाग नसलेल्या आणि कोणी हक्क न सांगितलेल्या जनावरांचा. हाच मेस्ताचा निकष होय.

या शब्दभेदावर न्यायालयीन वादही झाला. न्यू मेक्सिको राज्याच्या पशुधन मंडळाने सार्वजनिक जमिनीवरील काही गाढवे मोकाट जनावरांविषयीच्या राज्य कायद्यानुसार पकडून लिलावात विकली. संघराज्याच्या लेखी ती संरक्षित वन्य जनावरे होती. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याचा कायदा वैध ठरवला. तीच जनावरे एका शब्दाने लिलावाला जातात आणि दुसऱ्या शब्दाने संरक्षण मिळवतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

५. मराठीतील शब्दसामग्री

हा भेद मराठीला अपरिचित नाही. 'रानटी' जनावर रानात जन्मते. 'मोकाट' जनावर गावाचेच, परंतु दाव्याला नसलेले. 'ओढाळ' जनावर धन्याचे, पण परक्या शेतात शिरणारे. 'बेवारशी' जनावराला धनीच नाही. बहिणाबाई चौधरींनी मनाला दिलेले 'वढाय' हे विशेषण या गटातले आहे. त्यांच्या प्रतिमेतील ढोर रानटी नाही, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा हाकलावे लागते. १८७१ च्या कोंडवाडाविषयक कायद्यात न सोडवलेल्या जनावराची दवंडी पिटून मगच लिलाव करण्याची तरतूद होती. स्पॅनिश 'मोस्त्रेन्को'मागील जाहीर वाच्यतेशी तिचे साम्य उघड आहे.

घोड्याच्या बाबतीतही आपली परिभाषा मालकीभोवतीच घडलेली दिसते. सरकारी घोड्यावरचा स्वार तो 'बारगीर', स्वतःचा घोडा आणणारा तो 'शिलेदार'. अलाउद्दीन खलजीच्या आणि पुढे अकबराच्या लष्करी व्यवस्थेत घोड्यावरील 'दाग' हा हिशेबाचा आधार होता. मराठीतला 'डाग' याच अर्थाने जनावरावरची खूण सांगतो.

६. निष्कर्ष

'मोकाट' या शब्दाला उपद्रवाची छटा आहे, 'मस्टँग'चे वैभव त्यात नाही, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः खरा आहे. परंतु हे वैभव शब्दाला उशिरा लाभले, हे विसरता कामा नये. अठराव्या शतकातील स्पॅनिश दफ्तराचा अनुवाद करताना 'बेवारशी' हाच शब्द योग्य. पशुपालकाच्या तोंडी 'मोकाट' शोभेल. आधुनिक ललित लेखनात 'मस्टँग' तसाच ठेवून संदर्भाने अर्थ उलगडू द्यावा. 'रानघोडा' हा शब्द माणसाळलेल्या पूर्वजांपासून न आलेल्या घोड्यासाठी राखून ठेवणे इष्ट ठरेल.

हा आग्रह केवळ कोशगत काटेकोरपणासाठी नाही. 'जंगली' म्हटले की त्या भूमीवर पूर्वी माणूस नव्हता, असे आपोआप सूचित होते. 'बेवारशी' म्हटले की वारस कोण आणि ते कोणी ठरवले, हा प्रश्न वाचकाला विचारता येतो. मूळ शब्दात दडलेला हा प्रश्न अनुवादात जिवंत ठेवणे, ही अनुवादकाची जबाबदारी आहे.