रोमन देनारियसची पारख

इ. स. पूर्वी २११ च्या सुमारास, रोम आणि कार्थेज यांच्यात घनघोर युद्ध चालू असताना, रोमच्या टांकसाळीतून रुप्याचे एक नवे नाणे बाहेर पडले. त्याचे नाव देनारियस. संस्कृत वाङ्मयातील ‘दीनार’ हा शब्द याच नावावरून आला. पुढे सुमारे साडेचारशे वर्षे हे नाणे चालले. त्यामुळे असे एखादे नाणे सापडले, म्हणजे ते नेमके कोणत्या काळातील, हा पहिला प्रश्न उभा राहतो.

प्रथम मुखवटा पाहावा. शिरस्त्राण घातलेली रोमा देवता आणि मागे घोड्यांवरून दौडणारे जुळे देव असतील, तर नाणे प्रजासत्ताकाच्या काळातील होय. जिवंत माणसाचे मुख नाण्यावर छापण्याचा प्रघात रोममध्ये तेव्हा नव्हता. इ. स. पूर्वी ४४ मध्ये जूलियस सीझरने तो मोडला. त्याच वर्षी त्याचा खून झाला. नवल हे की, त्या कटात असलेल्या ब्रूटसनेही पुढे स्वतःचेच मुख नाण्यावर उमटविले! मागील बाजूस दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये दास्यमुक्तांची टोपी आहे.

बादशाही काळात बहुधा पानांच्या मुकुटाचे मस्तक आढळते. त्याभोवतीची अक्षरे वाचणे नवख्यास अवघड जाते. कारण शब्दांची केवळ आद्याक्षरे दिलेली असतात आणि शब्द एकमेकांस चिकटलेले असतात. परंतु ही अक्षरे फार उपयोगी. बादशहाचा एक अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई. त्याचा आकडा कोरलेला असला, की नाण्याचे वर्षच हाती येते. मस्तकावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असेल, तर ते देनारियस नव्हे. कॅराकॅला बादशहाने इ. स. २१५ मध्ये काढलेल्या निराळ्या नाण्याचा तो प्रकार.

मात्र चित्र आणि अक्षरे बरोबर असूनही नाणे खोटे असू शकते. आत तांबे आणि वर रुप्याचा पातळ पत्रा, अशी नाणी रोममध्येही बनत. सराफ संशय आल्यास नाण्यावर टोचा मारून आतली धातू पाहत; त्या खुणा आजही दिसतात. इ. स. पूर्वी ८५ मध्ये मारियस ग्रातिदियानस या अधिकाऱ्याने नाणी पारखण्याची व्यवस्था लावली, तेव्हा लोकांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. खोट्या नाण्यांनी गरिबांस किती गांजले असेल, याची यावरून कल्पना यावी.

शेवटी तराजू. क्लॉडियस बादशहाच्या काळी एक रोमी मनुष्य वादळात सापडून सिंहलद्वीपास लागला. त्याच्याजवळील देनारियसांवर मुखे निरनिराळी, पण वजन सारखे, हे पाहून तेथील राजाने रोमच्या सचोटीची वाखाणणी केली, असे प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो. पण क्लॉडियसच्या मागून गादीवर आलेल्या नीरोनेच इ. स. ६४ मध्ये ते वजन उतरविले. एका रोमन पौंडातून पूर्वी ८४ नाणी पडत, ती आता ९६ पडू लागली. शिवाय रुप्यात तांबेही अधिक मिसळले. पुढील बादशहांनी हाच मार्ग धरला. इ. स. २६८ मध्ये गॅलिएनस मारला गेला, त्या सुमारास किरणमुकुटाच्या नाण्यांतही शेकडा पाच भागदेखील रुपे उरले नव्हते. वर केवळ रुपेरी झिलई असे. ती झिजली, की बादशहाच्या नाकावर आणि गालावर तांबे दिसू लागे.