उलटे वाचलेले नाव

"काम सुटलं. या वयात आता नवं काय शिकायचं?"

असे बोलणे आपण पुष्कळदा ऐकतो. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. त्यानंतर हजारो कामगारांचे काम गेले, ते पुन्हा मिळाले नाही. जन्मभर साचा चालवलेल्या माणसाला दुसरी वाट धरावी लागली. गावोगावी आजही असेच घडते. दुकान मोडते, शेत जाते, मालक "उद्यापासून येऊ नको" म्हणतो.

अशा वेळी माणसाला वाटते, आजवर शिकलो ते सारे पाण्यात गेले. पण ते खरेच पाण्यात जाते का? आज आपण एका माणसाची गोष्ट वाचू आणि मग ठरवू.

सुरुवात

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर हे गाव आहे. तिथे १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना दादासाहेब म्हणू लागले.

लहानपणापासून त्यांना चित्रांचा नाद होता, नाटकाचा नाद होता. जादूचे खेळही आवडत. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. मग बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकले. फोटो काढायलाही तिथेच शिकले.

शिक्षण झाले, आता पोट भरायचे. गोध्र्याला त्यांनी फोटोचे दुकान काढले. तेवढ्यात प्लेगची साथ आली. साथीत पत्नी गेली, मूल गेले. दादासाहेबांनी गोध्रा सोडले.

एकामागून एक कामे

त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून घेतली आणि ते जादूचे प्रयोग करू लागले. त्यासाठी नाव घेतले 'प्रोफेसर केळफा'. हे नाव कुठून आले? फाळके हा शब्द शेवटून वाचा. के, ळ, फा. आलं ना ध्यानात?

नंतर ते सरकारच्या पुराणवस्तू खात्यात नोकरीला लागले. तिथे नकाशे आणि फोटो काढण्याचे काम होते. ती नोकरीही त्यांनी सोडली आणि छापखाना काढला. आधी तो लोणावळ्याला होता, पुढे मुंबईत दादरला आला. रंगीत छपाई शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचा जम बसला. पण भागीदारांशी पटेना. १९११ साली ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

तेव्हा त्यांचे वय चाळिशी ओलांडून गेले होते. घरात दुसरी पत्नी सरस्वतीबाई आणि मुले होती. हातात काम नव्हते. लोक काय म्हणाले असतील? "याचा कुठेच पाय ठरत नाही!"

पडद्यावरचे चित्र

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. चित्रे पडद्यावर चालत होती, हसत होती, रडत होती. दादासाहेबांच्या मनात आले, आपले राम आणि कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत?

मग त्यांना दुसरे काही सुचेना. रोज चित्रपट पाहून पाहून डोळे बिघडले. काही दिवस दिसेनासे झाले. उपचार झाले, दृष्टी परत आली. पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला. १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परत आले.

पैसा देणाऱ्यांना खात्री पटवायची होती. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडे थोडे चित्रण केले. असे महिनाभर चालले. मग ती चित्रे पडद्यावर भराभर दाखवली. बघता बघता दाण्याला कोंब फुटला आणि वेल वर चढला! पाहणारे थक्क झाले.

सरस्वतीबाईंनी दागिने दिले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत. फिल्मला भोके पाडण्याचे कामही त्या शिकल्या. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून ते काम केले.

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला.

आता हिशेब मांडू

चित्रकला शिकले होते, म्हणून पडदे रंगवता आले. फोटोची कला होती, म्हणून कॅमेरा हाती बसला. छापखान्यामुळे यंत्रे जोडायची आणि माणसे सांभाळायची सवय होती. नाटकाचा नाद होता, म्हणून नटांना शिकवता आले. आणि जादू? १९१७ साली 'लंकादहन' निघाला. त्यात मारुती आकाशात उडाला, तो जादूगाराच्या बुद्धीनेच!

म्हणजे मोडलेल्या कामांतले काहीच वाया गेले नव्हते. लहानपणीचे सगळे नाद एका जागी येऊन भेटले.

एक गोष्ट मात्र आम्ही झाकून ठेवणार नाही. दादासाहेबांना म्हातारपण सुखाचे गेले नाही. बोलपट आले आणि ते मागे पडले. १९४४ साली नाशिकला ते वारले. आवडीचे काम मिळाले म्हणजे पैसा मिळतोच असे नाही. आधी घर सांभाळावे लागते. पण पोटासाठी दुसरे काम करताना जुनी कला मनात जपता येते. वेळ आली की ती हाताशी येते.

पूर्वी तुम्ही भजनाला पखवाज वाजवीत असाल, गोधडी शिवत असाल, कलमे बांधत असाल. आज काम वेगळे असेल. असू द्या. हात विसरत नाहीत.

विचार करा आणि लिहा

१. 'केळफा' हे नाव कसे तयार झाले?

२. सरस्वतीबाईंनी कोणकोणती कामे केली?

३. लहानपणी तुम्हांला काय आवडत असे? त्याचा आज काय उपयोग होईल? वहीत तीन ओळी लिहा आणि घरातल्या माणसांना वाचून दाखवा.