ओटीपोटात दुखतंय, असं लेक म्हणाली तर

आई-बाबांनो, माझी चूक आधी सांगते. लेक अकरावीत गेली आणि मुलुंडहून माटुंग्याला लोकलने जाऊ लागली. दर महिन्याला दोन दिवस ती घरीच पोट धरून पडायची. मी म्हणायचे, "पाळीत दुखतंच गं, कामाला लागलीस की विसरशील." माझी आई मला हेच म्हणायची. एका सकाळी गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर ती मटकन खाली बसली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. पहिले एक-दोन दिवस दुखून शेक आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने थांबलं, तर बहुधा घाबरायचं कारण नसतं. पण दुखणं महिन्यागणिक वाढत असेल, पाळीच्या आधीच सुरू होत असेल, शौचाला बसतानाही कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी. यात अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के मुली-बायकांना हा आजार असतो, आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी तो असू शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोरीला नाटकी ठरवू नका.

दुखण्याचं मूळ पाळीतच असेल असंही नाही. बाहेरचं स्वच्छतागृह नको म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, संसर्ग. बीजकोशावर गाठ असू शकते. क्षयरोग गर्भाशयालाही होतो, हे आपल्याकडे फार कमी घरांत माहीत असतं.

एका बाजूला अचानक असह्य कळ, उलट्या, ताप किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका. बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो, अपेंडिक्स असू शकतं. पाळी चुकलेली असेल तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यताही असते. राजावाडी, कूपर, जे रुग्णालय जवळ असेल ते गाठा. १०८ला फोन करा. आणि डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलू म्हणाले, तर रागावू नका, बाहेर थांबा. आईसमोर न निघणारा शब्द तिथे निघतो.

तपासणीच्या धास्तीने मीही चालढकल केली होती. पण मूत्राशय भरलेलं असताना पोटावरून सोनोग्राफी होते. मुलीच्या संमतीशिवाय आतून काही तपासत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी तारखा आणि दुखणं दहापैकी किती, हे लिहून आणायला सांगितलं. आता कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लेक छोटा आकडा लिहिते. सात दिसला की तिचे बाबा न विचारता पाण्याची पिशवी गरम करायला ठेवतात.